जुनी सागरी उपकरणं: अस्सल कशी ओळखायची, आणि घेतल्यावर चकचकीत करायची का?

शिडाची_सावली

नमस्कार मंडळी,

जहाजावरच्या जुन्या वस्तूंचं वेड इथे आणखी कुणाला आहे का, हे विचारायला धागा काढतेय. होकायंत्रं, दुर्बिणी, सेक्स्टंट (सूर्य-तारे क्षितिजापासून किती उंच आहेत तो कोन मोजायचं उपकरण), जहाजाच्या घंटा, सागरी नकाशे, काहीही. संग्रहालयात काचेआड बघून बघून डोळे भरले, आता एखादी वस्तू हातात धरावीशी वाटू लागली.

गेल्या महिन्यात हिय्या करून पहिला सेक्स्टंट घेतला. लाकडी पेटी, झाकणावर पितळेचा नांगर बसवलेला, आत निळं मखमली अस्तर. सेक्स्टंट पिवळाधमक पितळी आहे आणि त्यावर 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७' असं ठसठशीत कोरलंय. विकणाऱ्याने सांगितलं की त्याच्या आजोबांच्या जहाजावरचा आहे. १९१७ म्हणजे पहिलं महायुद्ध! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन प्रश्न आहेत. हा अस्सल आहे हे कसं ताडून बघायचं? आणि कोपऱ्यांत थोडा काळपटपणा आलाय, तो घासून काढू का?

मेघना_प

विषय फार आवडीचा. जाणकार येईपर्यंत इथेच बसून आहे. तोवर काहीही घासू नका, एवढं मात्र आत्ताच सांगते.

पितळपारखी

सावलीताई, वाईट बातमी आधीच सांगून टाकतो. हा सेक्स्टंट १९१७ चा असूच शकत नाही.

केल्विन अँड ह्यूजेस हे नाव जन्माला आलं १९४७ साली. त्याआधी केल्विन, बॉटमली अँड बेअर्ड ही एक कंपनी होती आणि हेन्री ह्यूजेस अँड सन ही दुसरी. दोन्ही एक झाल्या तेव्हा हे जोडनाव आलं. १९१७ मध्ये त्या नावाची कंपनीच नव्हती, तर सेक्स्टंटवर नाव येणार कुठून? मूळ कंपनीचा यात काडीचाही दोष नाही. तिचं नाव दुसऱ्याच कुणीतरी आपल्या मालावर कोरलंय. याच नावाचे आणि याच सालाचे सेक्स्टंट मी इतके बघितलेत की आता पेटीचं झाकण उघडायच्या आधी साल सांगू शकतो.

आता नाव बाजूला ठेवा आणि भिंग घेऊन चापाकडे बघा. चाप म्हणजे खालची कमानदार पट्टी, जिच्यावर अंश कोरलेले असतात. चांगल्या जुन्या सेक्स्टंटच्या पितळी चापात चांदीची अरुंद पट्टी जडवलेली असते, कारण इतक्या बारीक रेघा पितळेवर नीट उठत नाहीत. रेघा केसासारख्या बारीक असतात आणि दोन रेघांमधलं अंतर कुठेही कमीजास्त नसतं. फिरत्या पट्टीच्या टोकाला व्हर्नियर, म्हणजे अंशाचे बारीक भाग वाचायची छोटी मापपट्टी, असेल तर त्यावरची कुठली तरी एकच रेघ चापावरच्या रेघेशी तंतोतंत जुळायला हवी. नकली सेक्स्टंटमध्ये एकतर तीन-चार रेघा एकदम जुळल्यासारख्या दिसतात किंवा एकही जुळत नाही.

पेटीसुद्धा बोलते. खऱ्या पेटीत सेक्स्टंटच्या आकाराचे लाकडी ठोकळे असतात आणि त्यांत तो घट्ट बसतो, म्हणजे जहाज कितीही हेलकावलं तरी हलायला नको. मखमल आणि झाकणावरचा नांगर हे भेटवस्तूचं लक्षण.

तुम्हाला दुखवायचा हेतू नाही. माझीही सुरुवात अशाच एका वस्तूने झाली होती.

शिडाची_सावली

आत्ता भिंगाखाली बघितलं. चांदीची पट्टी नाही. व्हर्नियरवर सलग पाच रेघा जुळतायत. ३० आणि ४० च्या मधल्या रेघा मोजल्या, आणि ७० ते ८० मधल्याही. संख्या सारखी आहे, पण रुंदी नुसत्या डोळ्यांनाही वेगळी दिसते.

वाईट पैशाचं नाही वाटत. त्या आजोबांची गोष्ट ऐकून मी महिनाभर मनात त्यांचं जहाज रंगवत होते. कुठल्या बंदरात थांबले असतील, युद्धात काय बघितलं असेल. ते आजोबाच नव्हते, याचं वाईट वाटतंय.

मेघना_प

ताई, हे वाचून गलबलून आलं.

पण मी थोडी वेगळी बाजू मांडते. नवी बनवलेली वस्तू म्हणजे वाईट वस्तू असं नाही. कुणीतरी हाताने पितळ कापलं, भोकं पाडली, पेटी जोडली, तेही कसबच आहे. 'ही नवी प्रतिकृती आहे' असं सांगून विकली तर मी आनंदाने भिंतीवर लावेन. गुन्हा त्या खोट्या सालात आणि खोट्या आजोबांत आहे.

पितळपारखी

मेघनाताई, तत्त्वतः मान्य. पण प्रतिकृतीने कोन तरी बरोबर मोजावा ना! यातल्या बऱ्याचशा मोजत नाहीत. आरसे समांतर नसतात, दात झिजलेले नाहीत तर मुळात नीट कापलेलेच नाहीत. जे उपकरण मोजत नाही त्याला मी उपकरण म्हणू शकत नाही. शोभेची वस्तू म्हणा, माझी हरकत नाही.

ध्रुवतारा

मी व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो, आता निवृत्त. सेक्स्टंट शेकडो वेळा हातात धरलाय, म्हणून चार शब्द.

आधी गंमत सांगतो. सेक्स्टंटचा चाप वर्तुळाचा सहावा हिस्सा, म्हणजे ६० अंशांचा, तरी त्यावर १२० पर्यंत आकडे असतात. प्रकाश दोन आरशांवरून येतो, त्यामुळे पट्टी एक अंश फिरली की दिसणारा कोन दोन अंशांनी बदलतो. त्याच्या आधीचा ऑक्टंट वर्तुळाचा आठवा हिस्सा, ४५ अंशांचा चाप, आणि मोजतो ९० पर्यंत. जॉन हॅडलीने तो १७३१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याच सुमारास फिलाडेल्फियात थॉमस गॉडफ्री स्वतंत्रपणे त्याच युक्तीपर्यंत पोचला होता. दोघांना एकमेकांची खबर नव्हती.

आता सावलीताई, घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी. दुर्बीण काढून ठेवा. पट्टी चापाच्या मधोमध आणा. सेक्स्टंट आडवा धरा, चाप तुमच्यापासून लांब. मग पट्टीवरच्या आरशात तिरकं बघा. चाप तुम्हाला दोनदा दिसेल: एक आरशाच्या कडेबाहेर प्रत्यक्ष, एक आरशाच्या आत. दोन्ही मिळून अखंड कमान दिसली तर आरसा काटकोनात उभा आहे. मध्ये पायरी दिसली तर आरसा कललेला आहे. कललेला आरसा हा दोष नव्हे, तो स्क्रूने सरळ करता येतो. मात्र तो सरळ करायला स्क्रूच दिलेला नसेल, तर ती वस्तू मोजण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

आणि सगळ्यांना हात जोडून विनंती: सेक्स्टंट कधीही चापाला किंवा फिरत्या पट्टीला धरून उचलू नका. डाव्या हाताने चौकट धरून पेटीतून काढायचा, मग उजव्या हातात मूठ. रंगीत काचांची खात्री पटेपर्यंत त्यातून सूर्याकडे बघू नका. नकली सेक्स्टंटमधली लाल-हिरवी काच म्हणजे नुसती रंगीत काच असते, डोळ्याचं कायमचं नुकसान होईल.

उत्तररात्र

ध्रुवताराकाका, समुद्राच्या मधोमध दुपारी सूर्य घेताना नक्की काय वाटतं? अवांतर आहे, पण सांगाच.

ध्रुवतारा

अवांतर कसलं, सगळं त्यासाठीच तर आहे.

बाराच्या थोडं आधी जहाजाच्या ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या मजल्याच्या, कडेला उभं राहायचं. पट्टी फिरवून सूर्याला आरशातून खाली आणायचं आणि क्षितिजावर टेकवायचं. मनगट किंचित डावी-उजवीकडे झुलवलं की सूर्याची चकती झोपाळ्यासारखी हलते, आणि झोक्याच्या तळाशी तिची खालची कड पाण्याला शिवली पाहिजे. सूर्य अजून चढत असतो, त्यामुळे चकती पाण्यापासून सुटते. तुम्ही पुन्हा टेकवता. पुन्हा सुटते. मग एक क्षण असा येतो की ती सुटत नाही. सूर्य थांबतो. तेव्हा वाचलेल्या कोनात डोळ्याची उंची, वक्रीभवन आणि सूर्याचा अर्धव्यास यांच्या दुरुस्त्या करायच्या, तो नव्वदातून वजा करायचा, सूर्याची त्या दिवसाची क्रांती (विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) जमेला धरायची, की हातात अक्षांश. घड्याळ मिनिटभर चुकलेलं असलं तरी अक्षांश चुकत नाही.

रेखांशाची कथा निराळी. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तावर एक सागरी मैल चूक. वादळात अशी चूक म्हणजे खडक.

जीपीएस आल्यावर हे सगळं अडगळीत गेलं असं लोक समजतात. पण अमेरिकेच्या नौदल अकादमीने मध्यंतरी बंद केलेलं हे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं. उपग्रहाचा संकेत बंद पाडता येतो, सूर्याचा नाही.

लंबक

काकांनी घड्याळाचं नाव काढलं, आता मला राहवत नाही.

माझ्याकडे एक सागरी कालमापक आहे, क्रोनोमीटर. दोन दिवस चालणारा, पितळी वाटीत बसवलेला, वाटी दुहेरी कड्यांवर टांगलेली. पेटी कशीही कलली तरी तबकडी आडवीच राहते. चावी खालून द्यायची असते. डाव्या हाताने वाटी हळूच उलटी करायची, धुळीचं झाकण सरकवायचं, साडेसात अर्धे वळसे, आणि पुन्हा तितक्याच हळू सुलटी. तबकडीवर एक छोटा काटा असतो, चावी देऊन किती तास झाले ते सांगणारा. रोज सकाळी त्याच वेळी. गेल्या नऊ वर्षांत आमच्या घरात हा नेम चुकलेला नाही. मी नसेन तेव्हा मुलगी देते.

लोकांना वाटतं चांगला क्रोनोमीटर म्हणजे अजिबात न चुकणारा. तसं नसतं. तो रोज दोन सेकंद मागे पडत असेल तर पडू दे, पण रोज दोनच पडला पाहिजे. चूक ठाऊक असली की हिशेबात धरता येते. इंग्लंडचा घड्याळजी जॉन हॅरिसन, त्याचं चौथं घड्याळ १७६१ च्या अखेरीस जमैकाला निघालं. त्याची ठरलेली चाल वजा केल्यावर ८१ दिवसांत ते जेमतेम ५ सेकंद चुकलं. समुद्रावर रेखांश काढून दाखवणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर झालं होतं १७१४ मध्ये, २०,००० पौंडांपर्यंतचं. त्या एका माणसाचं आयुष्य त्यात गेलं, आणि तरी पूर्ण मान मिळवायला म्हातारपणी झगडावं लागलं. त्याची घड्याळं ग्रीनिचच्या वेधशाळेत आहेत. पहिली तीन चालू असतात, चौथं मात्र थांबवून ठेवलंय, कारण त्याला तेल लागतं आणि चालवलं तर झिजेल. त्या थांबलेल्या घड्याळासमोर मी बराच वेळ उभा राहिलो होतो.

एक कटू अनुभव, नव्यांसाठी. माझा पहिला क्रोनोमीटर विकणाऱ्याने चालू अवस्थेतच पाठवून दिला. प्रवासात क्रोनोमीटर थांबवून त्याच्या संतुलन चक्राखाली बुचाच्या पातळ पाचरी सारायच्या असतात आणि कड्यांची खीळ लावायची असते. यातलं काही केलं नव्हतं. पेटी उघडली तेव्हा चक्राचा आस मोडला होता. दीडशे वर्षं समुद्राने जे मोडलं नाही ते चार दिवसांच्या रस्त्याने मोडलं. तेव्हा मागवण्याआधी विकणाऱ्याला विचारा, 'पाचरी लावता येतात का?' उत्तर देताना चाचरला तर स्वतः आणायला जा.

मेघना_प

लंबक, 'चूक ठाऊक असली की हिशेबात धरता येते' हे वाचून थांबले. वाचनखूण साठवली.

टोलनाका

आता दुसऱ्या प्रश्नाकडे या की मंडळी. घासायचं का नाही? माझं मत स्पष्ट आहे: घासा. जहाजावर पितळ रोज घासलं जायचं. घंटा, दारांच्या मुठी, होकायंत्राचं खोकं, सगळं लखलखीत ठेवणं हे खलाशांचं रोजचं काम होतं. काळवंडलेली घंटा म्हणजे बेशिस्त जहाज. मग आपण ती काळी ठेवून तिचा कसला मान राखतो? माझ्याकडे दोन घंटा आहेत, दर आठवड्याला पुसतो. अर्ध्या तासाला एक टोल या हिशेबाने आठ टोलांना पाळी बदलायची. त्या घंटेने माणसांना झोपेतून उठवलंय, तिला झळकू द्या.

पितळपारखी

टोलनाका, घंटेपुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी इतकी वर्षं सरसकट 'घासू नका' सांगत आलो, ते दुरुस्त करतो.

पण सेक्स्टंट, ऑक्टंट, दुर्बीण यांचं पितळ रोज घासण्यासाठी नव्हतंच. त्यावर कारखान्यात गरम करून लॅकरचा, म्हणजे रोगणाचा, पातळ, सोनेरी थर दिलेला असे. कित्येक सेक्स्टंट तर मुद्दाम काळे केलेले असत, चमक डोळ्यांवर येऊ नये म्हणून. पॉलिशने तो थर जातो आणि परत येत नाही. दहा वेळा घासलं की चापावरच्या रेघा पुसट होतात, म्हणजे उपकरणाचा प्राणच गेला. अमोनिया असलेलं पॉलिश तर आणखी वाईट, ताण असलेल्या पितळेला त्याने बारीक तडे जातात. मऊ कोरडं कापड, फार तर बारीक मेणाचा हलका हात. हिरवा कळंक चढला असेल तर लाकडी काडीने हळूच खरवडा, तेवढ्याच जागी.

थोडक्यात, जहाजावर जे घासलं जायचं ते घासा, जे पेटीत जपलं जायचं ते जपा.

टोलनाका

मंजूर. यावर भांडण नाही.

खोलपाणी

धाग्यात कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

जुन्या ऑक्टंटची चौकट आबनूसाची आणि मापपट्टी बहुधा हस्तिदंताची असते. आशियाई हत्ती १९७५ मध्ये आणि आफ्रिकी हत्ती १९८९ च्या निर्णयाने साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात गेला. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८ चा, लागू झाला २०२२ मध्ये. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आणि कडक. वस्तू दोनशे वर्षं जुनी आहे एवढं म्हणून भागत नाही. सीमेपलीकडून मागवण्याआधी दोन्ही देशांचे नियम वाचा, नाहीतर वस्तू जप्त होईल आणि ते योग्यच असेल.

दुसरं, बुडालेल्या जहाजांतल्या वस्तू. युनेस्कोचा २००१ चा करार शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेला वारसा धंद्यासाठी उपसू नये असं सांगतो. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण मी स्वतःपुरता स्वीकारलाय. मी हौशी पाणबुडा आहे. तळाशी गेलो की बघतो, हात लावत नाही.

उत्तररात्र

खोलपाणी, हे जरा टोकाचं नाही वाटत? तळाशी गंजून जाण्यापेक्षा कुणाच्या घरात जपली तर काय बिघडलं?

खोलपाणी

प्रश्न रास्त आहे. मीही पूर्वी हेच म्हणायचो.

मग एकाच्या घरी समुद्रातून काढलेला लोखंडी तोफगोळा बघितला. शोकेसमध्ये ठेवलेला. पाण्यात शतकानुशतकं होता तसा होता. बाहेर काढून वाळवल्यावर लोखंडात मुरलेले क्षार जागे झाले. आधी अंगावर तपकिरी घामासारखे थेंब आले, मग पापुद्रे सुटले, आणि दोन वर्षांत गोळ्याचे कांद्यासारखे थर होऊन खाली पूड जमली. क्षार काढायला वस्तू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं द्रावणात ठेवावी लागते. स्वीडनचं वासा जहाज १६२८ मध्ये बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं, आणि लाकूड आकसू नये म्हणून त्याच्यावर पुढची सतरा वर्षं रसायनाचे फवारे चालू होते. घरच्या शोकेसला हे झेपत नाही.

शिवाय वस्तू कुठे पडली होती, कशाशेजारी होती, यातच अर्धी माहिती असते. ओमानजवळ वास्को द गामाच्या ताफ्यातलं एक जहाज १५०३ मध्ये बुडालं. तिथे साडेसतरा सेंटिमीटर व्यासाची काशाची चकती मिळाली. त्यावर पोर्तुगालचं राजचिन्ह होतं, पण मोजायच्या खुणा वरवर दिसत नव्हत्या. लेझरने तपासल्यावर कडेला पाच-पाच अंशांच्या खुणा दिसल्या, आणि कळलं की हा खलाशांचा ॲस्ट्रोलेब (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं जुनं उपकरण) आहे, आजवर सापडलेल्यांत सर्वात जुना. हीच चकती कुणी खिशात घालून नेली असती तर आज कुणाच्या टेबलावर कागद दाबत बसली असती.

उत्तररात्र

मत बदललं. मनापासून आभार.

डॉक्टरीणबाई

दोन धोके, कृपया हलक्यात घेऊ नका.

जुनी होकायंत्रं आणि तबकड्या अंधारात चमकाव्यात म्हणून त्यांना रेडियमचा रंग लावत असत. आता चमकत नाही म्हणून निर्धोक, असं समजू नका. चमकणारं रसायन थकलेलं असतं, रेडियमचं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षं आहे. तबकडी उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या खोलीत ठेवू नका. दुसरा धोका पारा. जहाजावरचे जुने वायुभारमापक पाऱ्याचे असतात आणि आडवे करून हलवले की पारा सांडू शकतो. फार जुन्या आरशांमागेही पारा आणि कथिलाचा थर असतो. 'आरसा डागाळलाय, नवा मुलामा देतो' म्हणत घरी खरवडायला बसू नका.

वावभर

माझा संग्रह कागदाचा: सागरी नकाशे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी हाच रस्ता सुचवेन, कारण नकाशा स्वतःचं वय स्वतः सांगतो. ब्रिटिश ॲडमिरल्टीचं जलसर्वेक्षण खातं १७९५ चं. त्यांच्या नकाशाच्या खालच्या समासात प्रकाशनाची आणि नंतरच्या दुरुस्त्यांच्या तारखा बारीक अक्षरांत असतात. खोली वावांत, एक वाव म्हणजे सहा फूट. ते सगळे आकडे कुणीतरी होडीतून शिशाचा गोळा दोरीने सोडून, पुन्हा ओढून, पुन्हा सोडून मिळवलेले आहेत. एका उपसागरात असे हजारो आकडे. बोट फिरवताना मला ती ओली दोरी जाणवते.

आणि पेन्सिलच्या रेघा खोडू नका! माझ्याकडच्या एका नकाशावर जहाजाचा मार्ग आखलेला आहे, दर चार तासांना एक छोटी फुली आणि वेळ. चार फुल्या एका ओळीत आहेत. पाचवी एकदम बाजूला, आणि तिच्याभोवती दोनदा वर्तुळ काढलंय. सहावी पुन्हा मार्गावर. पाचव्या फुलीच्या वेळी काय झालं असेल? वादळ, की वेध चुकला, की प्रवाहाने ओढलं? विकणारा म्हणाला होता, खोडरबरने स्वच्छ करून देतो. मी जवळजवळ ओरडलेच त्याच्यावर.

लंबक

वावभर, त्या पाचव्या फुलीने मला पछाडलंय.

तुमच्या दोरीवरून दुसरी दोरी आठवली. जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये का सांगतात? लाकडी फळी बांधलेली दोरी मागे पाण्यात सोडायचे. दोरीला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात हातातून किती गाठी सुटल्या ते मोजायचं. हिशेब करून बघा: २८ सेकंदांत ४७ फूट ३ इंच म्हणजे तासाला ६०७५ फूट, जवळजवळ नेमका एक सागरी मैल. मला असं एक २८ सेकंदांचं घड्याळ मिळालं होतं. आता ते ३१ सेकंद घेतं, वाळू ओलसर झाली असावी. अशा घड्याळावर जहाजाचा वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसला असता आणि किनारा आला असं वाटून सगळे डोळे ताणून बसले असते.

पितळपारखी

सावलीताई कुठे गेल्या? धागा त्यांचा आहे. ताई, तो सेक्स्टंट परत केला का?

शिडाची_सावली

सात महिन्यांनी येतेय, माफ करा. सगळे प्रतिसाद वाचत होते, काही तर पाठ झालेत.

पहिला सेक्स्टंट परत केला नाही. भाचा अकरा वर्षांचा आहे, त्याला दिला. ध्रुवताराकाकांनी सांगितलेली आरशाची चाचणी आम्ही दोघांनी मिळून केली. पायरी दिसली, स्क्रू नव्हता, मग त्याने पुठ्ठ्याची घडी सारून आरसा जवळजवळ सरळ केला. रंगीत काचा काढून टाकल्यात, सूर्याकडे बघायचं नाही हे ठरलंय. आता तो इमारतींच्या उंचीचे कोन मोजतो.

आणि मागच्या महिन्यात दुसरा घेतला. या वेळी आधी तीन आठवडे प्रश्न विचारले. विकणाऱ्या बाईंनी आजोबांची गोष्ट सांगितली नाही, 'मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा' म्हणाल्या. पेटी साधी, एक बिजागरी बदललेली, आत ठोकळे. झाकणाच्या आतून लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या तपासणीचा दाखला चिकटवलेला आहे, कडा पिवळ्या, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. दाखल्यावरचा क्रमांक आणि चापावरचा क्रमांक एकच आहे. तो अंक जुळला तेव्हा माझे हात थरथरत होते.

सेक्स्टंट काळा आहे. पण तीन ठिकाणी काळा थर झिजून पितळ दिसतं: मुठीच्या वर, पट्टी आवळायच्या स्क्रूशेजारी, आणि चौकटीच्या डाव्या बाजूला, जिथे पेटीतून काढताना चार बोटं येतात. माझी बोटं तिथे ठेवली. त्याची बोटं माझ्याहून जाड होती. हा माणूस खरा आहे. नाव कळणार नाही, पण तो रोज डाव्या हाताने चौकट धरून सेक्स्टंट बाहेर काढायचा, काकांनी सांगितलं तसाच.

काही घासलेलं नाही.

काका, समुद्रावर जाऊन क्षितिज जुळवून बघितलं. शून्यावर ठेवल्यावर क्षितिजाला पायरी दिसते. फिरवून सरळ केली तर पट्टी शून्याच्या दोन मिनिटं (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग) पुढे, चापाच्या बाजूला येते. तीनदा केलं, तिन्ही वेळा दोनच. हे दुरुस्त करू का?

ध्रुवतारा

अजिबात नको. तीनदा दोनच आली ना? मग ती त्याची चाल आहे. शून्याच्या पुढे, चापाच्या बाजूला असेल तर प्रत्येक वेधातून दोन मिनिटं वजा करायची. पेटीच्या झाकणात कागदाचा तुकडा ठेवा आणि तारीख घालून लिहून ठेवा. दर वेळी बाहेर काढाल तेव्हा पुन्हा बघा आणि खाली नवी ओळ लिहा.

आणि पुढच्या वेळी पाण्यापासून तुमचा डोळा किती उंचीवर होता तेही मोजून ठेवा. मग बारा वाजता सूर्य घेऊ.

शिडाची_सावली

लिहिलं. पहिली ओळ झाली. डोळ्याची उंची कशाने मोजू, दोरीने?

वावभर

दोरीने. टोकाला वजन बांधा, आणि भिजल्यावर मोजा. ओली दोरी आकसते.